वेगवान गाडीचे संथ मालक

जुनी स्पोर्ट्स कार बाळगणारा माणूस वेगाला सोकावलेला असतो, हा समज ज्यांनी रूढ केला त्यांनी असा माणूस शनिवारी सकाळी पाहिलेला नसावा. शनिवारी सकाळी तो गाडीत नसतोच. तो गाडीच्या एका कुशीला उकिडवा बसलेला असतो, मान वाकडी करून मडगार्डच्या आत बघत असतो, आणि ओठांत प्लॅस्टिकच्या दोन क्लिपा धरलेल्या असल्यामुळे कोणाच्याही हाकेला ‘हं’ एवढंच उत्तर देतो. गाडी ताशी दीडशेनं पळू शकते. हा मात्र दारावरच्या रबरी पट्टीचं एक टोक सकाळपासून जागच्या जागी बसवतो आहे. या गृहस्थांना आपण क्लिपकर म्हणू. क्लिपकर अमेरिकेत ओहायोत राहतात, इंग्लंडात बर्मिंगहॅमला राहतात, आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही त्यांची वस्ती आहे. भाषा, पगार, जेवणातलं तिखट यांत फरक असेल; ओठांतल्या क्लिपा त्याच. लोक त्यांच्याकडे पाहून हसतात आणि विचारतात, हेच करायचं होतं तर अशी गाडी घेतली कशाला? माझं म्हणणं असं की अशी गाडी ठेवली की शेवटी हेच करावं लागतं. तिशी ओलांडलेल्या स्पोर्ट्स कारचा मालक क्लिपकर निघावा हा योगायोग नाही, जवळजवळ नियम आहे, आणि तो पुराव्यानिशी दाखवता येतो.

पुराव्यासाठी गाडी एकच घेऊ, म्हणजे वाद पसरणार नाही. मझ्दा कंपनीची एमएक्स-5, जिला अमेरिकेत मियाटा म्हणतात. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. दोघांपुरती जागा, हातानं मागे टाकायचं कापडी छप्पर, बॉनेटमध्ये मिटून जाणारे पुढचे दिवे, 1.6 लिटरचं इंजिन, 116 अश्वशक्ती आणि वजन टनाच्या आत. साठच्या दशकात इंग्रजांनी लोटस एलानसारख्या ज्या हलक्या गाड्या केल्या त्यांची मजा तेवढी घ्यायची आणि त्यांचं रुसणं-फुगणं वगळायचं, असा हा जपानी बेत होता. बेत इतका जमला की 1997 पर्यंत या पहिल्या पिढीच्याच चार लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, 2000 साली सर्वाधिक खपाची दोन-आसनी उघडी स्पोर्ट्स कार म्हणून गिनेसमध्ये तिची नोंद झाली, आणि 2016 मध्ये सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखांचा आकडा गाठला गेला. एवढ्या गाड्या खपल्या म्हणजे घेणाऱ्यांत सगळ्या तऱ्हेची माणसं असणार, हे उघड आहे. वेगवेडे होते, मिरवणारे होते, चाळिशी उलटल्याचा निषेध नोंदवणारे होते. प्रश्न एवढाच की त्यांचं पुढं काय झालं.

वेगवेड्यांच्या गाड्या पावसातल्या एखाद्या वळणावर झाडाला भेटल्या आणि भंगारात गेल्या. जे वेगवेडे शिस्तीचे होते त्यांनी गाडी शर्यतीला लावली. अमेरिकेत स्पेक मियाटा नावाचा शर्यतींचा एक अख्खा वर्ग याच गाडीवर चालतो. शर्यतीसाठी गाडी तयार करताना पहिलं काम असतं ते छप्पर, गालिचे, आतली अस्तरं, शोभेच्या पट्ट्या असं सगळं उपटून टाकण्याचं. वजन घटवायचं असतं. म्हणजे ज्याला खरोखर वेग हवा आहे त्याच्या लेखी ट्रिम हा निव्वळ बोजा आहे. तो जे काढून टाकतो ते क्लिपकर पैसे मोजून घेऊन येतात, आणि हा व्यवहार दोन्ही बाजूंना पुरेपूर समाधान देतो. मिरवणाऱ्यांची गोष्ट याहून छोटी. मिरवण्याला नवी वस्तू लागते, आणि 1998 ला नवं मॉडेल आलं. शिवाय मिरवणाऱ्याला मागे पडलेलं खपत नाही, आणि सिग्नल सुटल्यावर आजची कॅम्रीसारखी साधी घरगुती मोटारसुद्धा या गाडीला सहज मागे टाकते. तेव्हा आज, पस्तीस वर्षांनंतर, अंगावरचे सगळे बिल्ले, पट्ट्या आणि दिवे सांभाळून जी गाडी उभी दिसते तिचा विचार करा. मालक वेगवेडा असता तर ती अशी उरली नसती. मिरवणारा असता तर त्याच्याकडे उरली नसती. चाळणीतून सगळे गळून गेले आणि वर राहिले ते क्लिपकर.

इथं पहिला आक्षेप येतो. गाडी एवढी चांगली होती तर तिच्या पट्ट्या सैल होतातच कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर पदार्थविज्ञानात आहे. पोलाद आणि प्लॅस्टिक यांचं एका गाडीवर कधीच पटत नाही. मीटरभर लांबीची पोलादी पट्टी थंडीतल्या पहाटेपासून भर उन्हापर्यंत, म्हणजे चाळीसेक अंशांच्या फरकात, जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. पॉलिप्रॉपिलीनची तेवढीच पट्टी चार मिलिमीटरच्या आसपास वाढते. म्हणून अशी पट्टी बसवताना एक भोक गोल ठेवायचं आणि बाकीची लांबट, म्हणजे तिला उन्हाळ्यात हातपाय पसरता येतात. त्यात ही गाडी उघडी. डोक्यावर पत्र्याचं छत नसल्यामुळे खड्ड्यातून जाताना तिचं अंग थोडं पिळवटतं, कडक स्प्रिंगा प्रत्येक धक्का प्रामाणिकपणे वर पोचवतात, आणि ऊन क्लिपांमधलं नायलॉन वर्षानुवर्षं वाळवत राहतं. बरं, क्लिप ही मुळात एकदा बसवून विसरून जायची वस्तू. आतला दिवा बदलायला, रंगाला, अपघाताला अशी ती पाचदा निघाली आणि पाचदा बसली, की सहाव्यांदा ती फक्त उपस्थित असते. सारांश, हलकी, उघडी आणि कडक स्प्रिंगांची गाडी बनवली की ती पट्ट्या सैल करणारच. सैलपणा हा तिचा दोष नाही, तिच्या गुणांचा खर्च आहे.

हे ज्ञान क्लिपकरांना उपजत नसतं. उमेदवारीच्या काळात ते प्रत्येक सैल वस्तू आवळतात. पट्टी हलते? स्क्रू मारा. तरी हलते? चार स्क्रू मारा. मग एकदम चिकटणारा गोंद येतो, जो बोटांना उत्तम चिकटतो आणि पट्टीला पहिला गारठा पडेपर्यंत. मग सिलिकॉनची नळी येते, आणि गाडीच्या कडांना सर्दी झाल्यासारखं दिसू लागतं. पुढच्या उन्हाळ्यात पट्टीला चार मिलिमीटर वाढायचं असतं, चार स्क्रू तिला वाढू देत नाहीत, आणि ती मधोमध कमान टाकून फुटते. इथं दोन रस्ते फुटतात. काहीजण गाडी विकतात. ते मुळातले क्लिपकर नव्हेत. बाकीचे वॉशरखाली केसभर जागा सोडायला शिकतात. बाहेरून पाहणाऱ्याला या दोन अवस्थांत काहीच फरक दिसत नाही, कारण दोन्हीत माणूस मडगार्डात डोकं घालूनच बसलेला असतो.

आता वेगाचा मुद्दा. क्लिपकर गाडी चालवत नाहीत असं नाही. चालवतात, पण कुठली पट्टी खुळखुळते ते ऐकण्यासाठी. रेडिओ बंद असतो, बोलणं बंद असतं, आणि बाजूच्या सीटवर पत्नी असते. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, काय हौशी जोडपं आहे, छप्पर टाकून पानगळ पाहायला निघालं आहे! प्रत्यक्षात बाईंना उजव्या दाराच्या आतल्या अंगाला तळहात दाबून धरायचं काम दिलेलं असतं. ‘आता धर. आता सोड. धर. अगं सोड म्हटलं ना!’ आवाज हात धरल्यावर थांबतो की सोडल्यावर, यावर पुढच्या चार शनिवारांचा कार्यक्रम ठरायचा असतो. त्यातही खुळखुळ स्वभावानं हट्टी असते. ती ठरावीक वेगालाच येते, समजा ताशी पासष्ट ते सत्तरच्या मध्ये. मग क्लिपकर महामार्गावरही पासष्ट ते सत्तरच्या मध्येच चालवतात आणि मागे ट्रकांची रांग लागते. ट्रकवाल्यांना समोर स्पोर्ट्स कार दिसते, म्हणून ते आधी चकित होतात आणि नंतर चिडतात. त्यांनी चकित व्हायचं कारण नव्हतं. पुढची गाडी स्पोर्ट्स कार होती म्हणूनच ती हळू जात होती.

पट्ट्यांपेक्षाही क्लिपकरांचा स्वभाव खुलतो तो दिव्यांत. मिटणाऱ्या दिव्यांचा जन्मच अडचणीतून झालेला आहे. अमेरिकेत 1940 पासून पुढचे दिवे ठरावीक मापाचे, सीलबंद असावेत असा दंडक होता. तो 1983 मध्ये सैल झाला. दिवा जमिनीपासून किमान 22 इंच वर हवा, हाही नियम. स्पोर्ट्स कारचं नाक तर खाली हवं. यावर तोडगा असा की दिवे नाकात लपवायचे आणि रात्री वर काढायचे. कल्पना त्याहून जुनी आहे. 1936 च्या कॉर्ड 810 या मोटारीत डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन हँडलं होती, एकेका दिव्याला एकेक, म्हणजे अंधार पडला की दळण दळल्यासारखे फिरवून डोळे उघडायचे. 1962 च्या लोटस एलाननं हे काम इंजिनाच्या निर्वात नळ्यांवर सोपवलं. नळीला चीर गेली की दिवे हळूहळू मान टाकत. 1968 च्या कॉर्व्हेटनंही नळ्यांचाच मार्ग धरला. ओपेल जीटीनं यंत्रावर विश्वासच ठेवला नाही. तरफ ओढून ड्रायव्हरनं दिवे स्वतःच फिरवायचे. हा इतिहास पाहिला तर मिटणारे दिवे रस्ता उजळायला केले की पुढच्या पिढ्यांतल्या क्लिपकरांची सोय लावायला केले, अशी शंका येते. उजेड तर स्थिर दिवाही देतोच.

मियाटात प्रत्येक दिव्याला स्वतःची विजेची मोटर आहे, आणि त्यामुळे या गाडीच्या वाट्याला एक खास व्याधी आली. एक मोटर रुसली की एकच दिवा वर येतो आणि गाडी समोरच्याला डोळा मारत सुटते. कारणं ठरलेली: फ्यूज, रिले, मोटरच्या आतली झिजलेली बुशं, किंवा मोटर आणि दिवा जोडणाऱ्या दांडीचा ढिला झालेला सांधा. उपायही कंपनीनंच देऊन ठेवला आहे. बॉनेट उघडून मोटरवरची रबरी टोपी काढली की खाली एक फिरकी असते. ती बोटांनी फिरवून दिवा हातानं वर आणता येतो. सामान्य माणूस काय करेल? दोन्ही दिवे वर आणून कायमचे तसेच ठेवेल आणि आयुष्याच्या इतर प्रश्नांकडे वळेल. कायद्याला चालतं, उजेड पडतो, मोटर झिजत नाही. क्लिपकरांना हा उपाय सुचवून पाहा. ते तुमच्याकडे असं पाहतील की तुम्ही त्यांच्या मुलाला उभ्यानंच झोपायला सांगितलं आहे. दिवा वर यावा ही त्यांची गरज नसते. दोन्ही झाकणं मिटल्यावर बॉनेटच्या पातळीत यावीत, भोवतीची फट चारी बाजूंनी सारखी असावी, आणि डावं उजव्यापेक्षा लोंबू नये ही गरज असते. ती फट ते व्हिजिटिंग कार्ड घालून तपासतात. रात्री ही गाडी क्वचितच बाहेर पडते. जे दिवे लागणारच नाहीत ते नीट मिटावेत यासाठी एवढी खटपट करणारा माणूस प्रवासासाठी गाडी ठेवत नाही, हे आता न्यायालयातही सिद्ध करता येईल.

मागच्या दिव्यांची कथा वेगळी, आणि खरं तर थोडी अन्यायाची. या गाडीचा लंबगोल टेललाइट न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. तिथं तो कोरडा असतो. गाडीवर असताना मात्र त्याच्यामागचं गॅस्केट वयोमानानं कडक होतं आणि पावसाचं पाणी डिकीत उतरतं. डिकीच्या उजव्या कोपऱ्यात या गाडीची बॅटरी असते, कारण वजनाचा तोल राखण्यासाठी ती बॉनेटखालून उचलून मागे नेलेली आहे. म्हणजे कलाकृती गळते, पाणी पत्र्याला गंज चढवत बॅटरीच्या शेजारी साचतं, आणि एके दिवशी डिकीत पेल्यात ढवळल्यासारखा आवाज येतो. मग क्लिपकर एक रात्रीचं नाटक करतात. स्वतः टॉर्च घेऊन डिकीत शिरतात, झाकण लावून घेतात, आणि मुलाला बाहेरून नळीनं पाणी मारायला सांगतात. पाणी कुठून येतं ते आतून पाहायचं असतं. शेजारी पडद्याआडून हे दृश्य पाहतात: बंद डिकीतून एक माणूस ओरडतो आहे आणि एक मुलगा शांतपणे गाडी धुतो आहे. कोणी पोलिसांना बोलावत नाही, यावरून शेजाऱ्यांना सवय झाली असल्याचं अनुमान काढता येतं.

ज्यांना अजूनही ही वेगाचीच भक्ती वाटते त्यांच्यासाठी एक निर्णायक पुरावा आहे, तो दुतर्फी चिकटपट्टीचा. बिल्ले आणि बाहेरच्या काही पट्ट्या क्लिपांवर नसून अशा टेपवर बसतात. थ्रीएम कंपनीची व्हीएचबी टेप 1980 पासून या कामात आहे, आणि तिचे नियम काटेकोर आहेत. जुना बिल्ला हेअर ड्रायरनं शेकायचा, दात साफ करायचा दोरा त्याच्यामागून करवतीसारखा ओढायचा, उरलेला चिकटा बोटांनी चोळून काढायचा, पत्रा अल्कोहोलनं पुसायचा, मग टेप लावून दाबायची. दाबल्यावर वीस मिनिटांत तिची पकड निम्मी होते, चोवीस तासांत नव्वद टक्के, आणि पुरी व्हायला बहात्तर तास लागतात, तेही हवा पुरेशी उबदार असेल तर. घाईचा माणूस वीस मिनिटांवर गाडी काढेल. बरा माणूस एका रात्रीनंतर काढेल. क्लिपकर उरलेल्या दहा टक्क्यांसाठी आणखी दोन दिवस गाडी जागची हलवत नाहीत. त्या तीन दिवसांत बाहेर स्वच्छ ऊन असतं, रस्ते मोकळे असतात, उघड्या गाडीतून फिरायला याहून चांगली हवा वर्षभरात मिळत नाही. आणि स्पोर्ट्स कार गॅरेजमध्ये उभी असते, कारण मागच्या बाजूची नावाची पाच अक्षरं सुकत असतात.

आता दुसरे आक्षेप. कोणी म्हणेल, हे सगळं दिखाव्यासाठीच. पण दिखावा करणारा दिसणारी वस्तू चमकवतो. क्लिपकरांचं निम्मं काम मडगार्डच्या आतल्या अस्तरावर आणि बंपरच्या पोटाखाली चालतं, जिथं पाहायला गाडी उचलावी लागते किंवा पाहणाऱ्याला आडवं पडावं लागतं. नवी क्लिप बसल्यावर तर ती पूर्ण अदृश्य होते; दिसली तर ती चुकली. कोणी म्हणेल, कायद्याची भीती असेल. मुळीच नाही. अमेरिकेत 1968 पासून मोटारीच्या कुशीलाही दिवे किंवा परावर्तक बसवणं सक्तीचं झालं, पुढे पिवळा आणि मागे लाल. पण तो पिवळा दिवा आपल्या खोबणीत खिळखिळा झाला तरी लागतो, आणि कायद्याचं तेवढ्यानं भागतं. न्यू जर्सीनं तर ऑगस्ट 2010 पासून खासगी मोटारींच्या नियमित तपासणीतून यांत्रिक भाग वगळलेच. तिथं उरला तो धुराचा तपास. काटकसर म्हणावी तर जपानहून मागवलेल्या चिमूटभर क्लिपांवर टपालखर्च क्लिपांपेक्षा जास्त पडतो. बॉडी शॉपला का देत नाहीत, असं विचाराल तर बॉडी शॉपवाल्याला असलं काम नकोच असतं: तासभर राबून तो एक पट्टी काढणार, तीन जुन्या क्लिपा मोडणार, आणि वर ऐकून घेणार.

सगळ्यात जड आक्षेप घरातून येतो. स्वयंपाकघरातला नळ सहा महिने ठिबकतो आहे, माळ्याचं दार बिजागरीतून उतरलं आहे, आणि हा माणूस मोटारीच्या नाकावरची फट मोजतो आहे. हा आक्षेप खोडून काढणं अवघड आहे आणि मी तो खोडत नाही. फक्त कारण सांगतो. घरातल्या दुरुस्तीला साक्षीदार फार. नळ दुरुस्त झाला की नाही ते सगळ्यांना कळतं, झाला तर उशिरा झाला म्हणून आणि नाही झाला तर नाही म्हणून. शिवाय तिथं सूचना येतात. गाडीची खुळखुळ मात्र क्लिपकरांखेरीज कोणालाच ऐकू येत नाही. रोग त्यांनीच शोधायचा, औषध त्यांनीच द्यायचं, बरा झाल्याचा दाखलाही त्यांनीच लिहायचा. ऑफिसात पंचवीस वर्षं दुसऱ्यांनी ठरवलेल्या कामांवर दुसऱ्यांकडून शेरे घेतलेल्या माणसाला हे राज्य सोडवत नाही, यात नवल काय? बाईंचा आक्षेप योग्यच आहे. नळाला माणूस बोलावावा.

मराठी क्लिपकरांबद्दल वेगळे दोन शब्द लिहायला हवेत, कारण त्यांच्यात तर्काला एक गाठ पडते. आपल्याकडे वाढलेला माणूस ‘चालतंय ना, मग राहू दे’ या संस्कारात वाढलेला. तुटलेल्या बादलीला तारेनं कडी लावणाऱ्या घरातला. तो न्यू जर्सीत जाऊन क्लिपेचा मूळ भागक्रमांक शोधत का बसतो? त्याला केबल टाय पुरायला हवा. आणि क्लिपकरांत केबल टायचा पंथ खरोखरच आहे: फाटलेला बंपर केबल टायनं टाके घालावेत तसा शिवून ती माणसं अभिमानानं फिरतात. पण मराठी माणूस या पंथात फारसा रमत नाही. तो कर्मठ निघतो. मूळ जपानी क्लिप, मूळ जपानी गॅस्केट, पर्यायी वस्तूचं नाव काढायचं नाही. मला यात विसंगती दिसत नाही. घरी वस्तू टिकवण्याची जी चिकाटी होती तीच इथं आहे. तेव्हा सुटे भाग परवडत नव्हते म्हणून तार होती, आता परवडतात म्हणून सोवळं आहे. तरीही पुण्याहून येताना बॅगेत एम-सीलच्या दोन पुड्या असतातच. त्या कशासाठी, हे ते कोणत्याही पंथाच्या माणसाला सांगत नाहीत.

माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम दुजोरा दिला तो खुद्द कंपनीनं. 2017 साली मझ्दानं जपानमध्ये पहिल्या पिढीच्या या गाड्यांची जुनी अवस्था परत आणून देण्याची योजना जाहीर केली आणि बंद झालेले सुटे भाग पुन्हा काढायला घेतले. त्यात छपराचं कापड होतं, मूळ नक्षीचे टायर होते, लाकडी स्टिअरिंग होतं. वेग वाढवणारं काही असल्याचं निदान मला तरी दिसलं नाही. तीस वर्षांनी आपलं गिऱ्हाईक कोण उरलं आहे, हे कारखान्याला अचूक कळलेलं होतं. बाकी जगही क्लिपकरांच्या सोयीनंच चाललं आहे असं म्हणता येईल: मिटणारे दिवे असलेली कॉर्व्हेट आणि लोटस एस्प्रिट या दोन्ही गाड्या 2004 मध्ये तसल्या दिव्यांसह संपल्या, त्यानंतर मोठ्या कारखान्यांनी तो नाद सोडला, आणि आहेत त्या मोटरींची किंमत गॅरेजच्या फळीवर वर्षागणिक वाढते आहे.

तेव्हा जुनी दोन-आसनी गाडी घ्यायची तुमच्या मनात असेल तर ती क्लिपकरांकडूनच घ्या. किलोमीटर विचारू नका, इंजिनाचा आवाजही नंतर ऐका. आधी क्लिपांचा डबा दाखवा म्हणावं, कप्प्याकप्प्याचा असेल आणि कप्प्यांवर चिठ्ठ्या असतील तर डोळे मिटून पैसे द्या. भाव कमी होणार नाही. आणि पावती करताना फोन नंबर देऊ नका, कारण डावा दिवा नीट मिटतो का, हे विचारायला त्यांचा दर रविवारी फोन येईल.